बाई व्हायचं होतं, पिग्मीवाली मॅडम झाले : शिक्षक भरतीची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना खुलं पत्र

आदरणीय साहेब, किंवा मॅडम, जे कोणी असाल ते,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि खरं सांगू का, नावाशी मला काम पण नाही. मी डी.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा कोर्स केला तेव्हापासून सरकारं बदलली, मंत्री बदलले, साहेब लोक तर किती आले आणि गेले, फाईल तेवढी तीच आहे, म्हणून हे पत्र त्या फाईलीवर ज्यांची सही लागते त्या सगळ्यांना. सगळ्यांसमोर लिहितीय कारण निवेदनं देऊन झाली, मेल करून झाले, दोनदा पुण्याला जाऊन मोर्चात बसून झालं. पोचपावत्यांची एक कापडी पिशवी भरलीय घरी. उत्तर एकाचंही नाही.

आधी मी कोण ते सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिग्मी म्हणजे दुकानदार, टपरीवाले रोजचे पन्नास, शंभर, कुणी पाचशे बाजूला टाकतात ते पैसे आम्ही दुकानात जाऊन घ्यायचे, हातातल्या मशीनमधून पावती फाडून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत भरणा करायचा. शेकडा अडीच-तीन रुपये कमिशन. पगार नाही, सुट्टी घेतली की त्या दिवसाचं गेलं. माझी सत्तर-बहात्तर खाती आहेत, दुपारी चारला निघते ते आठ वाजता घरी. बाजारात मला सगळे मॅडम म्हणतात, पिग्मीवाल्या मॅडम.

मला बाई व्हायचं होतं. आमच्या लहानपणी शाळेत मॅडम नव्हत्या, बाई होत्या.

किती व्हायचं होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आमच्या वस्तीवरच्या घराला मागं एक पत्र्याचा दरवाजा होता, त्याला मी रेडिओच्या सेलातला कोळसा कुटून, माक्याचा पाला त्यात वाटून फासायचे, तो माझा फळा. वर्गात लहान भाऊ, चुलत्याची दोन पोरं आणि संख्या कमी पडली की आजी. आजीचं नाव हजेरीत सगळ्यात वर असायचं आणि ती रोज गैरहजर लागायची कारण तिला मधेच शेरडाला पाला टाकायला जावं लागायचं. हजेरी म्हणजे वडिलांना कुणीतरी दिलेली एलआयसीची जुनी डायरी. ती अजून आहे माझ्याकडं. भाऊ त्यात दुसरीत तीनदा नापास आहे.

भावाला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं, आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलंय. आमच्या ह्यांना पैलवान व्हायचं होतं, दोन वर्षं तालमीत राहिले, मग गुडघा गेला, आता लाईटच्या कामावर आहेत कंत्राटी. मागच्या पावसाळ्यात एक दिवस बाजारात लाईट नव्हती, मशीन चार्ज नव्हतं, बसले होते एका टेलरच्या दुकानात तर सहज विचारलं की भाऊ तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं. तो म्हणाला पोलीस. भरतीला गेला होता, उंची मोजली, १६३ भरली, पाहिजे १६५. "दोन सेंटिमीटरनं वाचली बघा जनता," असं म्हणून इतका हसला की सुईत दोरा ओवता येईना. मग मला नादच लागला, रोज एका-दोघांना विचारायचं. सराफाला पायलट व्हायचं होतं, त्याला अकलूजच्या पुढं विमान कसलं दिसतंय पण व्हायचं होतं. सलूनवाला क्रिकेटर. साड्यांच्या दुकानातल्या काकूंना नर्स, पण दहावीला इंग्रजी राहिलं आणि त्याच वर्षी लग्न. रसवंतीवाल्याला मिलिटरीत जायचं होतं, वडील गेले आणि शेत बघायला कुणी नव्हतं. बियाणांच्या दुकानदाराला म्हणे काहीच व्हायचं नव्हतं, तो एकटाच आहे जो जे ठरवलं ते झाला.

सगळ्यांनी हसत हसत सांगितलं हो. मला त्याचं नवल वाटत राहिलं, कारण मला नाही हसत हसत सांगता येत. बरेच दिवस वाटायचं की मीच रडकी आहे. मग एक दिवस भरणा करताना लक्षात आलं की ह्यांचं सगळ्यांचं संपलंय. कुणीतरी नाही म्हणालं त्यांना, पट्टी लावून म्हणालं, निकाल लावून म्हणालं, नाहीतर घरच्या परिस्थितीनं म्हणालं. नाही म्हटलं की माणूस चार दिवस जेवत नाही आणि पाचव्या दिवशी दुसरं काम बघतो. आम्हाला कुणी नाहीच म्हटलं नाही. २००८ पासून आम्हाला "होणार आहे" असं सांगताय तुम्ही. माझी तक्रार नोकरी दिली नाही ही नाही, नीट वाचा, माझी तक्रार ही आहे की तुम्ही नाही पण म्हटलं नाहीत.

आता ओळीनं सांगते, कारण तुमच्याकडं मुद्देसूद लागतं.

मी २००६ ला बारावी झाले. तेव्हा आमच्याकडं हुशार पोरगी म्हणजे डी.एड. हे ठरलेलं होतं, डॉक्टर-इंजिनिअर शहरातल्यांचं. दोन वर्षात नोकरी, आधी मानधनावर शिक्षणसेवक आणि मग कायम. मेरिटला नंबर लागायला मारामारी असायची आणि त्याच वेळेला तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघत होती, दोन खोल्या, एक बोर्ड, झालं कॉलेज. परवानगी कुणी दिली, किती शिक्षक लागणार आणि आपण किती तयार करतोय याची बेरीज कुणी केली होती का, हा माझा पहिला प्रश्न आहे. वडिलांनी माझ्या फीसाठी दोन म्हशी विकल्या. त्यातली एक तेरा लिटर द्यायची. जिथं आम्ही पाठ टाचणं लिहिली, सूक्ष्म पाठ घेतले, थर्माकोलची घड्याळं करून बोटं कापून घेतली ते कॉलेज कधीच बंद पडलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. मागच्या वैशाखात तिथंच जेवून आले एका लग्नात. आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात पंगत होती.

दुसरं. २०१० ला शिक्षक भरतीची सीईटी झाली, माझी चार मार्कांनी हुकली, ते मी माझ्या अंगावर घेते, त्याबद्दल तुम्हाला बोल नाही. पण पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ ला तुम्ही पटपडताळणी केली, तीन दिवसात सगळ्या राज्यातल्या शाळा मोजल्या आणि कागदावरची पोरं वर्गात नाहीत हे बाहेर आलं. चांगलं केलंत. खोटी पोरं दाखवून खरं अनुदान खाणारे सापडले. पण त्यानंतर २ मे २०१२ ला शासन निर्णय काढून भरतीच थांबवलीत, आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, म्हणजे जास्तीच्या शिक्षकांना दुसऱ्या शाळांत सामावून घ्यायचं, मग नवीन. म्हणजे खोटी हजेरी मांडली संस्थाचालकांनी आणि बाकावर उभं केलं आम्हाला. आणि ते समायोजन किती चाललं? वर्ष, दोन वर्ष? भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं २०१७ ला, त्यावरनं निवड व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली.

तिसरं म्हणजे परीक्षा. आमच्या आईला अजून वाटतं मी नापास होतीय. तिला कसं समजावू की टीईटी वेगळी आणि टेट वेगळी, टीईटी म्हणजे शिक्षक व्हायला तू पात्र आहेस का, ती दीडशे मार्कांची, आणि टेट म्हणजे पात्र आहेस पण बुद्धी आहे का, ती दोनशेची. त्या आधी बारावीचं मेरिट, मग डी.एड., मग सीईटी. १५ डिसेंबर २०१३ ला पहिली टीईटी झाली, रविवार होता, मला सातवा महिना होता, सोलापूरला एका शाळेच्या बाकावर मी आडवी बसून पेपर लिहिला कारण समोर तोंड करून बसता येत नव्हतं. ओपनला दीडशेत ९० लागतात, मला ९७ पडले. त्या पहिल्या वेळेला पास होणारे शेकड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते, त्यात मी होते. पेढे वाटले होते आम्ही. सर्टिफिकेट सात वर्षं चालणार होतं, नंतर २०२१ ला ते आयुष्यभरासाठी केलंत, छान झालं, आयुष्यभर पात्र आहे आता मी.

टेट पहिली २०१७ च्या डिसेंबरात. दुसरी २०२३ ला! मधे पाच वर्षं काहीच नाही. तिसरी २०२५ ला. एखादं धरण बांधून होईल हो एवढ्यात. २०२३ च्या टेटवर २१ हजारांच्या वर जागांची जाहिरात आली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पहिल्या यादीत ११ हजारांच्या आसपास नावं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्या रात्री दीड वाजेपर्यंत सगळे जागे होते, आमच्यातल्या एकाचा नंबर लागला, आणि त्यानं ग्रुपवर टाकलं नाही, दोन दिवसांनी दुसऱ्याकडनं कळलं. त्याला लाज वाटत होती आमच्यासमोर. नोकरी लागल्याची लाज. आणि याच्या मधेच २०२१ ला टीईटीचा घोटाळा निघाला, पैसे देऊन मार्क वाढवलेले साडेसात हजारांच्या वर निघाले. त्या महिन्यात बाजारातल्या एका गिऱ्हाईकानं मला मजेत विचारलं, "मॅडम, तुमचं किती लाखाचं आहे सर्टिफिकेट?" मी पावती फाडली, दिली आणि पुढच्या दुकानात गेले. २०२५ ला नागपूरकडं बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या ऑनलाइन नंबराचं, प्रकरण आलं, जे शिक्षकच नाहीत त्यांचे पगार. इकडं भरती बंद, भरती बंद म्हणून आम्ही बसलेलो आणि तिकडं मागच्या दारानं आयडी निघत होते. मला राग कमी आला, हसूच जास्त आलं. म्हणजे लाईन मोडून घुसणाऱ्याचा राग येतो ना, तो लाईन पुढं सरकत असेल तर येतो.

चौथं, पैसे. हे थोडक्यात सांगते कारण बोलायला पण नको वाटतं. शिक्षणसेवकाला कितीतरी वर्षं महिना ६ हजार होते, २०२३ च्या जानेवारीपासून १६ हजार केलेत, ते पण कोर्टानं कान पिळल्यावर. आणि ज्यांना सेवक पण होता आलं नाही ते माझ्यासारखे खासगी इंग्लिश मिडीयमला. मी चार वर्षं केलं एका शाळेत, नाव सांगत नाही, सही वेगळ्या आकड्यावर आणि हातात पाच हजार, एप्रिल-मेचे काहीच नाहीत. लॉकडाऊनमध्ये ते पण बंद झाले तेव्हा पिग्मी धरली. पिग्मीत जास्त सुटतात. शिकवण्यापेक्षा पावत्या फाडण्यात जास्त सुटतात, हे मी तक्रार म्हणून लिहित नाही, हिशोब म्हणून लिहितीय.

आणि मग तुमची ती कंत्राटाची हौस. २०२३ ला निवृत्त शिक्षकांना परत बोलवायचं काढलंत, महिना २० हजार, सत्तरीपर्यंत चालतील म्हणे. ज्यांना पेन्शन आहे त्यांना काम, ज्यांना काम नाही त्यांना थांबा. २०२४ ला तर ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्या दिवशी, कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय काढलात, १५ हजारात, मग त्यात बदल केलात, मग तोही गुंडाळला. त्याच वर्षी युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, त्यात पोरं काही महिने शाळांवर गेली, मुदत संपली की परत घरी. मी चौकशीला गेले तर वय ३५ पर्यंतच. तरुणांच्या योजनेला मी म्हातारी आणि निवृत्तांच्या योजनेला मी लहान.

आता बॅचचं सांगते. आमच्या ग्रुपवर ४१ जण आहेत. जिल्हा परिषदेत लागलेले सहा. बाकी एक तलाठी, दोघं पोलीस, त्यांचं भलं झालं. एकजण चाकणला कंपनीत ठेकेदाराकडं, गाडीच्या सीटची शिलाई तपासतो. एकीचं कुक्कुटपालन आहे, एकजण जेसीबी चालवतो, एकीनं अंगणवाडी धरली. एकाची चहाची गाडी आहे कोर्टासमोर आणि गाडीला नाव दिलंय "गुरुजी अमृततुल्य". एकजण स्कूल व्हॅन चालवतो, त्याला आम्ही चिडवतो की तू एकटाच रोज शाळेत जातोस रे, तो म्हणतो गेटपर्यंत. आमच्यातला सगळ्यात चांगला शिकवणारा नवोदय आणि शिष्यवृत्तीचे क्लास घेतो, दरवर्षी त्याची पाच-सहा पोरं नवोदयला लागतात, म्हणजे सरकारी शाळेतली पोरं सरकारी शाळेत घालायला आईबाप त्याला फी देतात. ह्याच्यावर मी विचार करायचं सोडून दिलंय.

कामाला आम्ही नावं ठेवत नाही. चहाच्या गाडीवाला आमच्यातल्या तिघांच्या पगाराएवढं एकटा कमावतो. पण ग्रुपवर "भरती" हा शब्द आला की जेसीबीवाला जेसीबी बंद करून फोन बघतो. हे तुम्ही आमचं केलंय. अठरा वर्षं झाली, धड हे काम आपलं म्हणून करता येत नाही आणि ते मिळत नाही. मी पतसंस्थेत ऑफिसच्या परीक्षेला बसले असते तर आज क्लार्क असते, दोनदा संधी आली, दोन्ही वेळेला कुणीतरी बातमी पाठवली की शिक्षक भरती याच महिन्यात, आणि मी बालमानसशास्त्राचं पुस्तक काढून बसले.

आता ज्याच्यामुळं हे पत्र लिहायला घेतलं ते.

माझ्या माहेरच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, मी तिथंच शिकले. पट २३. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत, दोन पदं मंजूर पण आहेत, एक भरलेलं आणि एक रिकामं. जे गुरुजी आहेत ते डी.एड.ला मला एक वर्ष सीनियर होते, त्यांच्या नोट्सवर मी पास झाले. त्यांचा मला फोन आला. दोन कामं होती. एक, त्यांना चार दिवस निवडणुकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, शाळा बंद ठेवावी लागली असती. गावानं ठरवलं की वर्गणी काढू, दिवसाला दोनशे रुपये देऊ, ताईला बोलवा. दुसरं काम सांगायला ते जरा अडखळले. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला ना, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलीय त्यांनी दोन वर्षात टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी. गुरुजी लागले तेव्हा टीईटी नव्हतीच. तर म्हणाले, "ताई, तुझी ती जुनी पुस्तकं आहेत का गं? आणि ते बालमानसशास्त्र जरा समजावून सांगशील का, पियाजे डोक्यात राहत नाही."

बघा साहेब. एकाच शाळेच्या ओट्यावर दोन माणसं बसलेली, एकाकडं नोकरी आहे आणि टीईटी नाही, एकीकडं टीईटी आहे आणि नोकरी नाही, आणि पाठीमागं एक पद रिकामं. हे तुम्ही जुळवलंय. गंमत म्हणजे गुरुजी शिकवायला फार चांगले आहेत, सतरा-अठरा वर्षांत त्यांनी ती शाळा उभी केली, त्यांना परीक्षेला बसवायची वेळ यावी ह्याचं मला वाईटच वाटतं. मी त्यांना दोन रविवार शिकवलं. पियाजे आमच्या आजीच्या शेरडावर समजावून सांगितला, आता राहिला डोक्यात.

आणि चार दिवस शाळा चालवली. पिग्मी नणंदेला सांगून गेले होते. पहिल्या दिवशी परिपाठाला उभी राहिले तर आवाज फुटेना. सत्तर दुकानं फिरते मी रोज, भांडते, उधारीवाल्याला दम देते, आणि तेवीस पोरांसमोर घसा कोरडा. चार वर्ग एका खोलीत. पहिलीच्यांना अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा, तेवढ्यात दुसरीतलं कुणीतरी तिसरीतल्याला चावलेलं असतं. मी भागाकार पिग्मीवरनं शिकवला. सात दुकानांचे मिळून साडेतीन हजार झाले तर एका दुकानाचे किती. चौथीतला एक पोरगा म्हणाला मॅडम, सगळे सारखे देतात व्हय? मला पुढं काही बोलताच येईना, कारण पुस्तकातल्या गणिताला हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि त्याचं बरोबर होतं, सगळे सारखे नाही देत. मग आम्ही खरी यादी केली, फळ्यावर, दोन तास त्यातच गेले. तिसरीतली एक ऊसतोडवाल्यांची पोरगी आहे, हंगामापुरती येते, तिला अक्षरओळख पण पुरती नाही, ती पैशाची बेरीज मात्र माझ्या मशीनच्या आधी सांगते. तिला वाचायला लावायला मला दोन महिने द्या. खरंच सांगते, दोन महिने पुरतील. पण चार दिवसच होते आणि पाचव्या दिवशी मी सराफाच्या दुकानात पावती फाडत होते.

वर्गणीचे आठशे रुपये आले ते मी घेतले. घेतले नसते तर गावाला वाटलं असतं फुकट येते, पुढं कायम फुकटच बोलवतील. एवढी व्यवहारी झालीय मी.

त्याच आठवड्यात घरी मुलीचा निबंध होता, मी कोण होणार. ती सहावीत आहे. म्हणाली आई तुझ्यासारखं सांगायला काय लिहू, तू कोण आहेस नक्की? घरातल्या फ्रेममध्ये माझं डी.एड.चं सर्टिफिकेट आहे आणि टेबलावर पिग्मीचं मशीन चार्जिंगला. प्रश्न बरोबरच आहे. शेवटी तिनं जनावरांची डॉक्टर लिहिलं, मला त्या क्षणाला इतकं बरं वाटलं की काय सांगू, आणि नंतर रात्री वाईट वाटलं की बरं का वाटलं.

तर आता मागण्या. कुणाला शिव्या देत नाही, कुणाच्या राजीनाम्याशी मला घेणं नाही.

एक, तारीख द्या. टीईटी कधी, टेट कधी, जाहिरात कधी, नेमणूक कधी, हे दरवर्षीचं वेळापत्रक जानेवारीत लावा. दहावी-बारावीच्या पोरांना बोर्ड काही महिने आधी तारखा देतं, आम्ही तर त्यांचे मास्तर होणार आहोत.

दोन, रिकाम्या जागा शाळेच्या नावासकट दर जूनला जाहीर करा. जिल्ह्याला एवढ्या आणि राज्याला तेवढ्या असले मोघम आकडे नकोत, अमुक वस्तीवरच्या शाळेत एक, असं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ मध्ये लिहिलंय की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. माझ्या माहेरच्या शाळेत दोनातलं एक रिकामं म्हणजे किती टक्के, हे चौथीतली पोरं सांगतील तुम्हाला.

तीन, वय. ओपनला ३८, राखीवला ४३. येत्या डिसेंबरात मला ३८ पूर्ण होतात. २०१२ ते २०१९ जी वर्षं तुमच्या निर्णयामुळं गेली ती आमच्या वयातनं वजा करा. कोविडसाठी दोन वर्षं सूट दिलीच होती की, म्हणजे देता येते. हे फक्त माझ्यासाठी मागत नाही, पण माझ्यासाठी पण मागतीय, खोटं कशाला बोलू.

चार, जिथं पद रिकामं आहे तिथं गावाच्या वर्गणीवर शाळा चालवायची वेळ आणू नका. कायमची नेमणूक होईपर्यंत त्याच तालुक्यातल्या टीईटी पास माणसाला लेखी ऑर्डर द्या, शिक्षणसेवकाएवढं मानधन बँकेत द्या आणि त्या दिवसांचं अनुभवाचं प्रमाणपत्र द्या. मी चार दिवस शिकवलं त्याचा कुठंही एक कागद नाही. पोरांच्या वहीत माझी लाल शाई आहे तेवढीच.

पाच, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. यातलं काहीच जमणार नसेल तर नाही म्हणा. अमुक सालापर्यंतच्या डी.एड. वाल्यांची आता भरती होणार नाही, असं एका ओळीचं परिपत्रक काढा, खाली सही करा, आणि त्याच दिवशी डी.एल.एड.चे (डी.एड.चं आताचं नाव) नवीन प्रवेश पण बंद करा, नाहीतर अजून कुणाच्या तरी म्हशी जातील. आम्ही रडू, चार दिवस जेवणार नाही. जेसीबीवाला जेसीबी चालवेल. मी क्लार्कच्या परीक्षेला बसेन. टेलरसारखं हसत सांगेन बाजारात, की मला बाई व्हायचं होतं बरं का.

उत्तर द्यायचं असलं तर दुपारी चारच्या आत द्या, नंतर मी बाजारात असते आणि फोन पिशवीत असतो. गुरुजींचा काल परत फोन येऊन गेला, पुढच्या महिन्यात त्यांचं अजून एक ट्रेनिंग आहे, तीन दिवसाचं. नणंदेला मशीन कसं चालवायचं ते दाखवून ठेवलंय.

आपली,
एक पिग्मीवाली
(डी.एड. २००८, टीईटी पास २०१३)